आत्याचं डुक्कर

८ मार्च, शनिवार

खुशबूला मोहाखाली ठेवून आज परत आले. आमच्यात लहान लेकरांना तिथंच ठेवतात. फुलं गळायला नुकती सुरुवात झालीय. माती ओढताना चार-दोन आत गेली, कोणी काढली नाहीत.

तीन वर्षांची होती. बुधरीआत्याची नात, श्रावणदादाची मुलगी. दादा आणि सीतावहिनी जानेवारीपासून तेलंगणात मिरची तोडायला, पोरगी आजीपाशी. मंगळवारी दवाखान्यात नेली, गुरुवारी गेली. हगवण आणि ताप — एवढंच! फोन लागेना. दादा-वहिनी पोचले ते काल संध्याकाळी, सगळं आटोपल्यावर. वहिनी रडली नाही. ढिगाऱ्याशी बसली, आणि बऱ्याच वेळानं आत्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या भरोशावर ठेवली होती, बाई."

तेव्हा आत्या सगळ्यांदेखत बोलली — "माह्या डुकरानं केलं. माह्याच हातचं मटण होतं." कोणी विचारलंही नव्हतं तिला!

गेल्या रविवारी गावपूजा झाली. मोहफुलं वेचायला लागायच्या आधी होते ती. डुक्कर द्यायची पाळी दरवर्षी एका घराची, यंदा आत्याची. जेवणानंतर शेजारच्या लटारूभाऊंना आणि आणखी दोघांना एक दिवस जुलाब झाले आणि थांबले. खुशबूचे थांबले नाहीत. म्हणून आता सगळं गाव डुकराकडे बोट दाखवतंय.

आणि इथे कॉलेजात आज महिला दिन! तिसऱ्या रांगेत बसले. हातात कोणीतरी गुलाब दिला. लॅबमधल्या मयुरीनं तो काढून घेतला तेव्हा कळलं की मी पाकळ्या तोडून खाली टाकत होते.

९ मार्च, रविवार

कपडे भिजवले आणि तसेच ठेवले. दिवसभरात एवढंच.

१० मार्च, सोमवार

दादाचा फोन. पोचूभाऊंनी बैठक घेतली. गावची पूजा तेच करतात, त्यांचा शब्द कोणी मोडत नाही. म्हणे, बुधरीचं डुक्कर देवानं घेतलं नाही, म्हणून लेकरू गेलं. आता पुढच्या पूजेपर्यंत त्या घरचं पाणी कोणी प्यायचं नाही. आत्यानं मोह वेचायला चौघींबरोबर जायचं नाही. उरलेली डुकरं गावाबाहेर.

वहिनी माहेरी निघून गेली. "ते म्हणते, त्या बाईच्या हातचं पाणी घेणार नाई. मी काय करू, रीना?" दादाचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मला काय विचारतो! जिला आपलं काय करावं तेच कळत नाही तिला?

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची. आत्यानं वाढवलं. तिनं डुकरं विकली म्हणून मी चंद्रपूरला शिकायला येऊ शकले. हॉस्टेलमधल्या पोरी विचारायच्या, बाबा काय करतात? मी सांगायची, आत्या डुकरं पाळते. मग त्या दुसरा विषय काढायच्या. माझी पदवी डुकरांचीच आहे, लाज कसली!

११ मार्च, मंगळवार

हसावं की रडावं — माझं पीएच.डी.चं काम याच रोगाचं! साल्मोनेला, हगवणीचा जीवाणू. त्याच्या निरनिराळ्या जाती माणसाच्या आणि डुकराच्या आतड्यात कशा शिरतात, हे मी दोन वर्षं बघतेय. आत्याला एकदा सांगितलं होतं, "हगवणीचा रोग बाटलीत पाळतो आम्ही." ती हसून लोटपोट. "मी डुकरं पाळतो, तू रोग पाळ! पाहू कोण मोठं होते."

आमच्याकडे दोन तऱ्हेच्या पेशी आहेत. एक कुठल्याशा परदेशी म्हाताऱ्याच्या आतड्यातल्या, तो जाऊन जमाना झाला. दुसऱ्या एका डुकराच्या पिल्लाच्या, ज्यानं आईचं दूधही अजून प्यायलं नव्हतं. दोघांच्याही पेशी बाटल्यांत वाढताहेत. त्यांच्यावर जीवाणू सोडायचे, तासभर थांबायचं, मग औषध घालायचं. बाहेर राहिलेले मरतात. आत शिरले ते वाचतात. मग पेशी फोडायच्या आणि आत किती जण होते ते मोजायचं. एवढे दिवस ती नुसती मोजणी होती. आज भिंगाला डोळा लावला आणि उठून बाहेर गेले.

दुपारी सुनिलभाऊंचा फोन. खुशबूला नेलं होतं त्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये असतात. म्हणाले, गुरुवारी एक लेकरू गेलं, त्याच्या नमुन्यात साल्मोनेला वाढला आहे, "जिल्ह्यातून तुमच्याशिवाय कोणाले देऊ? ट्यूब पाठवून देतो." ती माझी कोण हे त्यांना ठाऊक नाही. मी हो म्हटलं.

१२ मार्च, बुधवार

डोकं आज जरा चाललं. साल्मोनेलाच्या काही जाती फक्त माणसातच राहतात. काही माणसात आणि डुकरात, दोन्हीकडे. खुशबूचा जीवाणू डुकराच्या पेशींत शिरलाच नाही तर? मग डुक्कर सुटलं! आत्या सुटली! पोचूभाऊंना कागद दाखवीन, वहिनीला माहेराहून घेऊन येईन.

इंदुताई मॅडमना सगळं सांगितलं. माझ्या गाईड त्या, कामात कडक. म्हणाल्या, "रीना, पेशी कोर्टात साक्ष देत नाहीत. शिरला म्हणून डुक्कर दोषी ठरत नाही." मी म्हटलं, नाही शिरला तर गावाला तेवढं पुरेल मॅडम. त्यांनी चष्मा काढून पुसला. "कर. पण घरचं माणूस आहे, हे वहीत पहिल्या ओळीत लिही."

लिहिलं.

१३ मार्च, गुरुवार

ट्यूब आली. चिकटपट्टीवर बॉलपेननं — खुशबू, ३ वर्षे, स्त्री.

स्त्री!

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. मुलींनी दार वाजवलं, उघडलं नाही. मयुरी मागून आली, ऊर्जानगरच्या घरून डबा घेऊन. तिच्या आईनं पुरणपोळी दिली होती. अर्धी खाल्ली.

१६ मार्च, रविवार

गावी जाऊन आले. आरमोरीपर्यंत बस, पुढे दादा मोटारसायकलवर.

आत्या ओट्यावर बसलेली. अंगण झाडलेलं, पण कोणाचं पाऊल नाही त्यात. मला पाहून उठली आणि पाणी द्यायला आत गेली, मग दारातच थांबली. मी जाऊन मडक्यातलं स्वतः घेतलं. ती बघत राहिली.

याच ओट्यावर शिवरात्रीच्या सुट्टीत खुशबूचा फोटो काढला होता. मार्कंड्याच्या यात्रेच्या गर्दीनं भरलेल्या बसमध्ये उभी राहून घरी आले होते, आणि बॅगेत माझा लॅबचा पांढरा कोट. आत्याचा हट्ट! "तो कोट घालून ये, गावाले दाखव माही पोरगी." गावातली पहिली एम.एस्सी. मी, मग काय — कोट घालून घरोघरी फिरले! लटारूभाऊंनी विचारलं, सुई मारते का? नंतर खुशबूनं तो बळकावला. टाचेपर्यंत यायचा तिला. दोन दिवस अंगातून काढला नाही.

डुकरं चार उरलीत. दादानं गावाबाहेर बाभळीचं कुंपण घालून ठेवलीत. त्यांच्या विष्ठेचे नमुने घ्यायला लागले तर आत्या मागून आली.

"कशाले करून राह्यली हे?"

"तुह्यं डुक्कर सुटेल ना, आत्या!"

"नको करू."

"काऊन?"

"झालं ते झालं. डुकराचं नाव झालं. डुकराले काय फरक पडते?"

रागच आला मला. म्हटलं, डुकराले नाई पडत, तुले पडते! चार बाया सोबत मोह वेचायला घेत नाही तुला, सून निघून गेली, आणि तू म्हणतेस झालं ते झालं! ती माझ्या हातातल्या नळीकडे एकटक बघत होती. मला वाटलं, दुःखानं माणूस असं होतं.

नमुने घेतलेच.

१९ मार्च, बुधवार

चारही डुकरं स्वच्छ! जीवाणू वाढवायच्या एकाही ताटलीत साल्मोनेला नाही. मी मयुरीला मिठी मारली. ती म्हणाली, "पण रीना, जे खाल्लं ते डुक्कर वेगळं होतं ना गं." खरं आहे. तरी आज जेवले.

२२ मार्च, शनिवार

खुशबूचा जीवाणू दोन्ही पेशींवर सोडला. तीनदा केलं. माणसाच्या पेशींत शिरला. डुकराच्या पेशींतही शिरला. जवळजवळ सारखाच. त्याला फरकच कळत नाही!

म्हणजे डुक्कर असू शकतं. म्हणजे कागद दाखवता येणार नाही. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, पण मी ऐकते कुठे! वहिनीच्या गावचा रस्तासुद्धा विचारून ठेवला होता.

आणखी एक विचित्र झालं. आमचा जो नेहमीचा जीवाणू आहे — तीन नंबर म्हणतो आम्ही — तो मीच तयार केलाय. टीबीच्या औषधातही जगेल असा. औषध थोडं थोडं वाढवत तीन महिने खपले होते त्याच्यासाठी. ती खूण आहे आमची. बाहेरून काही ताटलीत आलं तर औषधावर मरतं, आपला तेवढा राहतो. असा जीवाणू बाहेर सहसा सापडत नाही. आज सवयीनं खुशबूचा नमुनाही टीबीच्या औषधाच्या ताटलीवर ओढला. तो मरायला हवा होता. भरगच्च वाढला.

माझा हात चुकला असणार. तीन नंबरची नळी घेतली असेन. हल्ली माझं लक्ष तरी कुठे असतं!

२५ मार्च, मंगळवार

पुन्हा केलं. नवी ताटली, नवं औषध. पुन्हा वाढला.

मयुरीला म्हटलं, माझ्या हातावर विश्वास नाही, तू कर. सुनिलभाऊंना नवी ट्यूब मागितली, त्यांच्याकडच्या मूळ ताटलीवरून, माझा हात न लागलेली. ती मयुरीच उघडणार. मी त्या खोलीत जायचं नाही असं ठरलं.

२७ मार्च, गुरुवार

मयुरी पायऱ्यांवर आली. मी विचारलं, वाढला? तिनं मान डोलावली.

तो माझा आहे. खुशबूच्या पोटात होता तो माझा तीन नंबर आहे.

२४ फेब्रुवारी. गावी जायच्या आदल्या दिवशी. तीन नंबरची नळी हलवताना झाकण सैल होतं, थेंब उडाला, बाहीवर पडला. स्पिरिटनं पुसला — घाईत! बसचं तिकीट काढायचं होतं. वहीत लिहिलं नाही. कोट घडी करून बॅगेत टाकला. कोट खोलीबाहेर नेऊ नये, हा नियम दारावर लावलाय. माझ्याच अक्षरात! मॅडमनी मला लिहायला दिला होता, अक्षर चांगलं म्हणून.

मोबाइलमधला फोटो उघडून पाहिला. कोट टाचेपर्यंत, बाही हाताच्या पुढे लोंबतेय, आणि तिचं टोक तोंडात. हसतेय. मीच म्हटलं होतं, अशीच राह, हलू नको!

२८ मार्च, शुक्रवार

मी मारलं तिला. लिहून पाहिलं.

२९ मार्च, शनिवार

मॅडमना सांगितलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, "नमुना पुण्याच्या लॅबला पाठवू, पक्कं होऊ दे. तोवर तोंड उघडू नकोस." मी विचारलं, पक्कं नाही का हे? त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे पक्कं आहे. पण तू बोललीस की ही खोली बंद होईल. तुझ्यासकट चार मुलींचं काम जाईल. आणि त्या नियमांखाली सही माझी आहे, रीना."

वाईट बाई नाहीत त्या. वर्षभर माझ्या हॉस्टेलसाठी खेटे घातलेत त्यांनी. चहा मागवला. दोघींनीही प्यायला नाही.

१ एप्रिल, मंगळवार

गप्प बसले तर? लेकरू तर परत येणार नाही. आत्यानं आपण होऊन पत्करलंच आहे, पुढच्या पूजेला दंड देऊन परत गावात येईल. म्हातारी माणसं सोसतात...

हे मी लिहिलं! माझ्या हातानं लिहिलं! खोडत नाही. राहू दे, कधी स्वतःबद्दल चांगलं वाटायला लागलं तर वाचता येईल.

३ एप्रिल, गुरुवार

दादाचा फोन. आत्या एकटीच पहाटे मोहाला जाते, बाया येण्याआधी परत येते. खुशबूच्या झाडाखालची फुलं वेचत नाही. ती तशीच सुकतात. "खात नाई बराबर. बोलत नाई. देवाले माफी मागून राह्यली, डुकरासाठी."

ठरलं. रविवारी गावाची बैठक आहे. दादाला सांगितलं, वहिनीला काहीही करून घेऊन ये.

५ एप्रिल, शनिवार

मॅडमना जाऊन सांगितलं की उद्या बोलणार आहे. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं." मग दारावरचा नियमांचा कागद काढला, त्याखाली स्वतःच्या सहीशेजारी तारीख घातली आणि फाइलीत ठेवला. "मीही सोमवारी वर कळवते."

६ एप्रिल, रविवार

सांगितलं.

चिंचेखाली सगळे होते. आत्या लांब, एकटी, कुडाला टेकून. वहिनी दादाच्या मागे. मी उभी राहिले. काय काय पाठ केलं होतं — जीवाणू, पेशी, औषध! एक शब्द आठवेना. म्हटलं, "पोचूभाऊ, डुकरात रोग नव्हता. तो रोग आम्ही कॉलेजात बाटलीत ठेवतो. माझ्या कोटाले लागून इथी आला. खुशबू तो कोट घालून होती."

पोचूभाऊंना कळेना. "म्हंजे, डुकरात नव्हता?"

"नाई, भाऊ."

"मंग देवानं डुक्कर घेतलं होतं?"

"घेतलं असन. मले देवाचं मालूम नाई. डुक्कर चांगलं होतं."

लटारूभाऊ मान खाली घालून माती उकरत होते. मग वहिनी पुढे आली. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी आहे ती. शांतपणे विचारलं, "तुले मालूम होतं, कोटाले लागलं हाय ते?"

"नाई, वहिनी."

"इतकी शिकली ना तू?"

"हो."

"मंग तुले मालूम काऊन नव्हतं?"

ती वळून आत्याच्या घरात गेली. बाहेर आली तेव्हा हातात पाण्याचा तांब्या होता. सगळ्यांसमोर प्यायली, आणि आत्याच्या शेजारी जाऊन बसली. आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघी जोरात रडल्या. महिनाभरानं रडल्या. पोचूभाऊ उठले, म्हणाले, बुधरीबाईचं सगळं मोकळं झालं.

हेच हवं होतं मला. झालं. माझ्याशी कोणी बोललं नाही. दादानंही नाही. आत्याच्या घरी सगळ्या बाया येत होत्या, म्हणून मी मागच्या सोप्यात जाऊन बसले.

७ एप्रिल, सोमवार

सकाळी आत्या फाट्यापर्यंत सोडायला आली. बस लांबून दिसली तेव्हा म्हणाली, "काऊन सांगितलं बाई तू? म्या डुकराचं नाव घेतलं होतं ना. निभून गेलं असतं."

मी म्हटलं, खोटं कसं राहू देऊ, आत्या? तुझी चूक नसताना?

"तू गेली अन् दोन दिवसांनी तिले हगवण लागली. मले तवाच समजलं होतं." माझ्या पिशवीचा बंद नीट करत होती. "पूजेच्या दिवशी तिले घरातच निजवून ठेवली होती म्या. तिनं मटण खाल्लंच नाई."